लॅपटॉपवर विंडोज ७ टाकताना क्रॅश होतंय? आधी कुठल्या टप्प्यावर पडतंय ते बघा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांकडून एक प्रश्न सारखा येतो. जकार्डचं (मागावर नक्षी विणायचं) डिझाईन सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याचं यूएसबी डोंगल (लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही ती लायसन्सची चावी) विंडोज ७ वरच चालतं, जुना कॉम्प्युटर गेला, आता नवा किंवा सेकंडहँड लॅपटॉप आणलाय आणि त्यावर ७ टाकायला गेलं की निळी स्क्रीन येते नाहीतर लोगोवरच अडकून बसतं. मग माणूस काय करतो, परत पेनड्राइव्ह बनवतो, परत फॉरमॅट मारतो, परत तिथंच पडतं, दिवसभर हेच, आणि तिकडं डिझाईन नाही म्हणून माग उभा. नवं सॉफ्टवेअर आणि नवं डोंगल घ्यायचं तर खर्च लई मोठा, आणि वर्षानुवर्षांच्या डिझाईन फायली त्यात उघडतील का ही धाकधूक वेगळीच, त्यामुळं ही गरज खरी आहे हे मला मान्य आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. क्रॅश कुठल्या टप्प्यावर होतोय यावरून कारण जवळपास कळतंच. पेनड्राइव्हवरून सुरुवातीच्या फायली लोड होतात तेव्हा पेनड्राइव्ह, कीबोर्ड, डिस्क सगळं बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मशीनचा स्वतःचा प्रोग्राम, सांभाळत असतं. "स्टार्टिंग विंडोज" लिहिलेलं येतं आणि चार रंगांचे ठिपके फिरून लोगो बनतो, साधारण तिथं विंडोज स्वतः ताबा घेतं आणि स्वतःचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम, वापरायला लागतं. विंडोज ७ बाजारात आलं ऑक्टोबर २००९ मध्ये, सर्व्हिस पॅक १ आला २०११ मध्ये, म्हणजे त्याच्यानंतर निघालेलं हार्डवेअर त्याला ओळखीचंच नाही. यूएसबी ३ चा ड्रायव्हर त्यात नाही, एनव्हीएमई एसएसडीचा (नव्या पद्धतीच्या वेगवान डिस्कचा) नाही, सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारं बायोसचं कुलूप) त्याला कळत नाही. जिथं बायोस हात सोडतं आणि विंडोजकडं ड्रायव्हर नसतो तिथंच बहुतेक लॅपटॉप पडतात, आणि फॉरमॅट कितीही वेळा मारला तरी ड्रायव्हर काय आपोआप येत नाही.

हात लावायच्या आधी

पहिलं काम, प्रोसेसरची जनरेशन बघा. इंटेल असंल तर नावातला आकडा बघायचा, आय५-६२००यू म्हणजे सहावी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी. पाचव्या जनरेशनपर्यंत विंडोज ७ फारसा त्रास न देता बसतं. सहाव्याला बसतं पण यूएसबीचे ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये आधीच घालावे लागतात. सातव्यापासून पुढं अवघड, मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये सातव्या जनरेशनला आणि रायझनला विंडोज ७ वर अपडेट देणंच बंद केलं, आणि ग्राफिक्सचा नीट ड्रायव्हर मिळवणं ही डोकेदुखी होऊन बसते. अकरावी किंवा त्याच्या पुढची असंल तर माझं स्पष्ट मत आहे, थेट टाकायच्या नादाला लागू नका, खाली व्हर्च्युअल मशीनचं (नव्या विंडोजच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेला कॉम्प्युटर) लिहिलंय ते करा. सेकंडहँड लॅपटॉप अजून घ्यायचाच असंल तर नवी पेठेत दुकानदाराला "आय५ आहे का" एवढं विचारून थांबू नका, पूर्ण मॉडेल नंबर बघून चौथी-पाचवी जनरेशन मागा, या कामाला तीच बरी.

दुसरं, लॅपटॉपवर आत्ता विंडोज १० किंवा ११ असंल तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असताना बायोसमध्ये सिक्युअर बूट बदललं की पुढच्या वेळी रिकव्हरी की मागतो, आणि ती नसली की सगळा डेटा गेला म्हणून समजा. की आधी लिहून घ्या किंवा एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा. सगळ्यात चांगलं म्हणजे जुनी डिस्क काढूनच ठेवा आणि दुसरी साधी साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी लावून तिच्यावर काम करा. काही बिघडलं तर जुनी डिस्क परत लावली की लॅपटॉप पहिल्यासारखा.

तिसरं, ड्रायव्हर आधी गोळा करा. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलला विंडोज ७ चे ड्रायव्हर दिलेत का ते बघा. चिपसेट, यूएसबी ३, साटा किंवा रॅपिड स्टोरेज, लॅन, वायफाय, ग्राफिक्स, एवढे दुसऱ्या पेनड्राइव्हवर भरून ठेवा. विंडोज टाकल्यावर इंटरनेटच चालत नाही आणि मग ड्रायव्हर कुठनं आणायचा म्हणून लोक अडकतात, निदान लॅनचा तरी हाताशी ठेवाच.

आणि आयएसओ, म्हणजे विंडोजच्या डीव्हीडीची एका फाईलमधली नक्कल. तुमच्याकडं ओरिजिनल डीव्हीडी असंल तर तिचीच आयएसओ बनवा, सर्व्हिस पॅक १ वाली पाहिजे. इकडून-तिकडून उतरवलेल्या "ऑल इन वन", "प्री-ॲक्टिव्हेटेड" आयएसओ कृपा करून वापरू नका. त्यात कोणी काय घातलंय आणि काय काढलंय माहीत नसतं, ॲक्टिव्हेशनचा लोडर बूटमध्येच ढवळाढवळ करतो, आणि नंतर क्रॅश झालं तर कारण विंडोजचं का त्या लोडरचं हे शोधता येत नाही. धंद्याच्या डिझाईन फायली अशा मशीनवर ठेवणं धोक्याचं आहे.

बायोसमध्ये काय बदलायचं

डेलला एफ२, एचपीला एस्केप मग एफ१०, एसरला एफ२, लेनोव्होला एफ२ किंवा बाजूचं बारीक नोवो बटण. आत गेल्यावर काही बदलायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा.

मग सिक्युअर बूट बंद करायचं. एसरमध्ये तो पर्याय फिकट दिसतो आणि बदलत नाही, तिथं आधी सुपरवायझर पासवर्ड लावावा लागतो मग तो उघडतो. पासवर्ड लावलात तर लिहून ठेवा. नंतर लेगसी किंवा सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीनं सुरू व्हायची सोय, चालू करायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण विंडोज ७ ला स्क्रीनवर चित्र दाखवायला जुन्या व्हिडिओ बायोसची मदत लागते, सीएसएम बंद असंल तर "स्टार्टिंग विंडोज" वर येऊन गप्प उभं राहतं, एरर नाही, कोड नाही, काही नाही. तासभर थांबलात तरी पुढं सरकत नाही. बायोसमध्ये सीएसएमचा पर्यायच नसंल तर त्या लॅपटॉपवर थेट विंडोज ७ चा विचार सोडा.

साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवर ठेवा. रेड (RAID) किंवा रॅपिड स्टोरेजवर असंल तर एएचसीआय करा. विंडोज ७ मध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर आतच आहे, एक्सपीमध्ये नव्हता, त्यामुळं एक्सपी टाकणाऱ्यांना मात्र आयडीई किंवा कम्पॅटिबिलिटी मोड करावा लागतो नाहीतर निळी स्क्रीन ठरलेली. पाचव्या जनरेशनपर्यंतच्या बऱ्याच मशीनमध्ये एक्सएचसीआय मोड नावाचा पर्याय असतो, तो इन्स्टॉलपुरता डिसेबल केला की यूएसबी पोर्ट जुन्या पद्धतीनं चालतात.

पेनड्राइव्ह

पेनड्राइव्ह बनवायला रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरा, दुसऱ्या कशाच्या मागं लागू नका. पार्टिशन स्कीम एमबीआर, टार्गेट सिस्टीम बायोस, बाकी आहे तसं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. पाचव्या जनरेशनपर्यंत लॅपटॉपला निळा आणि काळा असे दोन पोर्ट असतील तर काळ्यात लावा, निळा यूएसबी ३ चा असतो.

सहाव्या जनरेशनपासून मात्र काळा-निळा काही उपयोगाचा नाही, आतून सगळे पोर्ट यूएसबी ३ च्या कंट्रोलरवरच जातात. तिथं सेटअपची पहिली स्क्रीन छान येते, भाषा निवडा म्हणतं, तुम्ही इन्स्टॉल दाबता आणि म्हणतं सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही. लोक म्हणतात अहो मी तर पेनड्राइव्ह लावलाय, डीव्हीडी कुठनं आली. त्याचा अर्थ एवढाच की ज्या पेनड्राइव्हवरून सुरू झालं तोच आता विंडोजला दिसत नाही. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड चालतो कारण तो बहुतेक वेळा आतून जुन्या पीएस२ पद्धतीनं जोडलेला असतो, यूएसबी माऊस मात्र मेलेला, टचपॅडही कधी कधी मेलेला. ही खूण दिसली की दुसरं काही शोधू नका, यूएसबी ३ चाच घोळ आहे.

यावर उपाय म्हणजे ड्रायव्हर आयएसओतच घालणं. एनटीलाइट नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात आयएसओची फोल्डर उघडायची, ड्रायव्हर जोडायचे आणि परत आयएसओ बनवायची. इथं एक गोष्ट बरेच जण विसरतात. सोर्सेस फोल्डरमध्ये दोन फायली असतात, बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विम. बूटमध्ये सेटअप चालवणारं विंडोज आहे, त्यातली दुसऱ्या नंबरची इमेज सेटअपची. इन्स्टॉलमध्ये प्रत्यक्ष डिस्कवर जाणारं विंडोज. ड्रायव्हर दोन्हीत घालायचे. फक्त बूटमध्ये घातले तर इन्स्टॉल मस्त होतं, रिस्टार्ट होतं, आणि पहिल्याच स्क्रीनवर नाव टाका म्हणतं तेव्हा माऊस मेलेला. फक्त इन्स्टॉलमध्ये घातले तर तिथपर्यंत पोचतच नाही. काही मदरबोर्ड कंपन्यांनी, गीगाबाइट आणि एएसरॉकनं, याच कामासाठी छोटी टूल्स काढली होती, ती मिळाली तर काम अजून सोपं.

एनव्हीएमई एसएसडी असंल तर डिस्क निवडायच्या पानावर डिस्कच दिसत नाही. मायक्रोसॉफ्टचे केबी२९९०९४१ आणि केबी३०८७८७३ हे दोन हॉटफिक्स असेच दोन्ही विममध्ये घालावे लागतात, आणि त्यावरून बूट व्हायचं म्हणजे पुढची खटपट वेगळी. मी म्हणंन त्यापेक्षा साटा एसएसडी लावा. एम.२ स्लॉट असला तरी साटावाली एम.२ येते, तिला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. फक्त स्लॉट साटा घेतो का ते मॉडेलच्या माहितीत बघून घ्या.

डिस्कवर जीपीटी (पार्टिशनची नवी रचना, आपल्याला जुनी एमबीआर पाहिजे) असल्यानं इन्स्टॉल होत नाही असं म्हणाला तर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडंल. डिस्कपार्ट टाइप करून एंटर. मग लिस्ट डिस्क. इथं थांबा आणि साइज नीट बघा, पेनड्राइव्ह कुठला आणि एसएसडी कुठली. आकडा वाचून सिलेक्ट डिस्क आणि तो नंबर. मग क्लीन. क्लीन विचारत नाही, एंटर मारलं की त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन गेली, डी ड्राइव्हसुद्धा. मग कन्व्हर्ट एमबीआर, एक्झिट, खिडकी बंद आणि डिस्कच्या पानावर रिफ्रेश.

निळी स्क्रीन आली तर

बऱ्याचदा ती झटकन येऊन जाते आणि मशीन रिस्टार्ट होतं. मोबाईलवर व्हिडिओ लावून ठेवा आणि नंतर थांबवून वाचा. विंडोज डिस्कवर बसलेलं असंल तर सुरू होताना एफ८ दाबत राहा, तिथं सिस्टीम फेल झाल्यावर आपोआप रिस्टार्ट होऊ नये असा पर्याय आहे तो निवडा. स्टॉप लिहिलेलं असतं, त्याच्यापुढं झिरो एक्स आणि भरपूर शून्य, त्यातली शेवटची दोन-तीन अक्षरं कामाची.

७बी म्हणजे डिस्कपर्यंत पोचता आलं नाही. साटा मोड बघा, नव्वद टक्के तिथंच सापडतं असं मी धरून चालतो. विंडोज आयडीई मोडवर बसवलं आणि नंतर कोणीतरी बायोसमध्ये एएचसीआय केलं तरी हाच कोड येतो. तेव्हा परत आयडीई करून विंडोज चालू करा, रजिस्ट्रीत एमएसएएचसीआय नावाची सर्व्हिस शोधा, तिच्यातल्या स्टार्टची व्हॅल्यू ३ असते ती ० करा, मग बंद करून बायोसमध्ये एएचसीआय करा. फॉरमॅटची गरज नाही.

ए५ म्हणजे बायोसचं एसीपीआय (हार्डवेअर आणि विजेची माहिती विंडोजला देणारा भाग) आणि विंडोज ७ यांचं जमत नाही. नव्या लॅपटॉपवर हा फार येतो. बायोस अपडेट करून बघा, नाहीच गेला तर थांबा. बदललेल्या एसीपीआय फायली घालून चालवणारे लोक आहेत, पण ज्या मशीनवर तुमच्या पार्टीची ऑर्डर अवलंबून आहे तिथं मी तो प्रयोग सांगणार नाही.

१ए किंवा ५० आला, किंवा प्रत्येक वेळी वेगळाच कोड येतोय, एकदा २० टक्क्यांवर पडतंय एकदा ७० वर, तर रॅमवर संशय घ्या. दोन रॅम असतील तर एक काढून इन्स्टॉल करा, मग दुसरी लावून. मेमटेस्ट८६ प्लस फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालवा आणि निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या, एक जरी लाल एरर दिसली तरी ती रॅम किंवा तो स्लॉट बाद. फायली एक्सपांड होताना ८००७०५७० असा एरर आला तर आयएसओ खराब उतरलीय किंवा रॅम खराब आहे, पेनड्राइव्ह बदलून आणि आयएसओ नव्यानं घेऊन बघा. एफ४ आला तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा, रिॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कचे खराब झालेले भाग) वाढलेले दिसले तर ती डिस्क कामाला ठेवू नका.

१२४ आला, किंवा कोड न येताच मशीन धाडकन बंद होतंय, तर आधी गरमी तपासा. हे आपल्याकडं जास्त बघायला मिळतं. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या वर जातो, आणि लॅपटॉप लूमच्या शेडमध्ये ठेवलेला. मागचं झाकण उघडलं तर फॅन आणि हिटसिंकच्या मध्ये कापसाच्या तंतूंचा जाड थर बसलेला असतो, पांढरा-करडा, बोटानं उचलला तर अख्खा निघतो. हवा जाणार कुठनं? बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, फॅन खोलूनच काढावा लागतो, सोबत प्रोसेसरची पेस्ट नवी लावा. इन्स्टॉल सकाळी करा, लॅपटॉप टेबलावर ठेवा, गादीवर नको. आणि बॅटरी मेलेली असंल तर मध्येच लाइट गेली की अर्धवट इन्स्टॉल, त्यामुळं इन्व्हर्टरवर लावा.

सेफ मोडमध्ये फायलींची यादी पळते आणि क्लासपीएनपी डॉट सिसवर थांबते, मग लोक ती फाईलच खराब समजतात. ती फक्त शेवटची नीट लोड झालेली फाईल आहे, अडलंय ते तिच्या पुढं. बायोसमध्ये जाऊन कार्ड रीडर, ब्लूटूथ, वायफाय, जे बंद करता येतं ते बंद करून एकेक बघा, बाहेरचं सगळं उपटून ठेवा, डोंगलसुद्धा.

इन्स्टॉल झाल्यावर पडतंय?

विंडोज चालू झालं, तुम्ही ड्रायव्हर टाकला, रिस्टार्ट केलं आणि डिजिटल सिग्नेचर तपासता येत नाही म्हणून अडलं, कोडच्या शेवटी ०४२८. नवीन ड्रायव्हर शा-२ (नव्या पद्धतीच्या डिजिटल) सहीचे असतात आणि मूळचं सर्व्हिस पॅक १ ती सही ओळखत नाही. एफ८ दाबून ड्रायव्हर सिग्नेचर एन्फोर्समेंट बंद करून आत जा, आधी केबी४४९०६२८ टाका, मग केबी४४७४४१९. शहाणपण हेच की इन्स्टॉल झाल्या झाल्या हे दोन अपडेट टाकायचे आणि मगच ड्रायव्हरला हात घालायचा. ड्रायव्हर एकेक करून टाका, प्रत्येकानंतर रिस्टार्ट. सगळे एकदम टाकले आणि पडलं तर कोणामुळं पडलं कळत नाही. आधी चिपसेट, शेवटी ग्राफिक्स. डोंगलचा ड्रायव्हर सहसा डोंगल न लावता टाकायचा असतो, तो बसला की मग डोंगल लावायचं.

नंतरही अधूनमधून निळी स्क्रीन येत असंल तर सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या आत मिनीडंप फोल्डर बघा, ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाईल उघडली की संशयित ड्रायव्हरचं नाव दिसतं.

हे मशीन इंटरनेटला जोडू नका. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमचं १०९ हे त्यावरचं शेवटचं व्हर्जन. जीएसटी, बँक, मेल सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरवर. डिझाईन फाईल पेनड्राइव्हनं न्या, तो पेनड्राइव्ह आधी नव्या मशीनवर स्कॅन करून.

नव्या लॅपटॉपसाठी व्हर्च्युअल मशीन

आठव्या-दहाव्या-अकराव्या जनरेशनवाल्यांनी हेच करावं. विंडोज ११ तसंच राहू द्या, त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाका, नवीन मशीन बनवून २ ते ४ जीबी रॅम आणि ४० जीबी डिस्क द्या आणि आत विंडोज ७ टाका. आतलं हार्डवेअर साधं असल्यानं वरचे बहुतेक त्रास उद्भवतच नाहीत. सेटिंगमध्ये यूएसबीचा फिल्टर जोडून डोंगल आत पाठवता येतं, यूएसबी कंट्रोलर २.० निवडा. चालू होत नाही असं म्हणाला तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असंल, ते चालू करा. डोंगल आत दिसतंय पण सॉफ्टवेअर ओळखत नाही असंही काही डोंगलचं होतं, म्हणून लॅपटॉप विकत घ्यायच्या आधी ओळखीच्या कोणाच्या मशीनवर डोंगल नेऊन हे एकदा तपासा.

सगळं नीट चाललं की, थेट टाकलेलं असो का व्हर्च्युअल, त्याच दिवशी पूर्ण डिस्कची इमेज काढून बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा. विंडोज ७ च्या कंट्रोल पॅनलमध्ये बॅकअपमध्येच सिस्टीम इमेजचा पर्याय आहे, तिथूनच रिपेअर डिस्कही बनवा. व्हर्च्युअलवाल्यांनी मशीन बंद करून अख्खी फोल्डर कॉपी केली तरी पुरतं. ओरिजिनल लायसन्सची की, बायोसचे फोटो आणि ड्रायव्हरची फोल्डर त्याच हार्डडिस्कवर टाका, आणि ती हार्डडिस्क शेडमध्ये न ठेवता घरी ठेवा.